वर्ध्याचा पाहुणचार

काँग्रेसच्या इतिहासाचं कुठलंही पुस्तक उघडा, १९३४ ते १९४२ या काळातल्या ठरावांखाली 'वर्धा' हे नाव पुन्हापुन्हा येतं. महायुद्धाबाबत काँग्रेसची भूमिका सांगणारं १४ सप्टेंबर १९३९चं निवेदन वर्ध्याचं. सुभाषबाबू अध्यक्ष असताना कार्यकारिणीतल्या बहुतेकांनी राजीनामे दिले, ते त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत वर्ध्यातच. आपल्यामागे जवाहरलाल, असं गांधीजींनी उघड सांगितलं ते जानेवारी १९४२च्या वर्ध्याच्या बैठकीत. आणि इंग्रजांनी हा देश सोडावा हा कार्यकारिणीचा ठराव १४ जुलै १९४२चा, तोही वर्ध्याचाच. मसुदा कोणी लिहिला, कोणी खोडला, कोण रुसलं, कोणाची समजूत कोणी काढली, हे सगळं नीट नोंदलेलं आहे. ही सगळी मंडळी उतरली कुठे, जेवली काय, निजली कशावर आणि खर्च कोणी केला, याला मात्र इतिहासकारांच्या लेखी एखाद्या तळटीपेपेक्षा जास्त जागा मिळत नाही. हा अन्याय आहे असं मला वाटतं, कारण पाहुण्यांची सोय झाली नसती तर यातल्या निम्म्या बैठका वर्ध्यात भरल्याच नसत्या.

गाव तसं नवंच. १८६२मध्ये नागपूरपासून वेगळा जिल्हा निघाला, त्याचं ठाणं आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. १८६६मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी आखून-रेखून वर्धा वसवलं. सरळ रस्ते, कचेऱ्या, कापसाचा बाजार. मुंबई-नागपूर लोहमार्ग गावातूनच गेला आणि पुढे बल्लारशाहकडे फाटा निघाला. १९२९मध्ये बल्लारशाह ते काझीपेठ हा दुवा जोडला गेला, तशी दिल्ली-मद्रास गाडीही याच बाजूने धावू लागली. म्हणजे राजगोपालाचारी मद्रासहून, वल्लभभाई मुंबईकडून, राजेंद्रबाबू पाटण्याहून आणि जवाहरलाल अलाहाबादहून निघाले, तरी कोणालाच फार वळसा पडू नये असं हे ठिकाण. पण नुसतं जंक्शन असून भागत नाही. इटारसीही जंक्शन आहे, भुसावळही आहे. तिथे जमनालाल बजाज नव्हते.

जमनालालजींचा जन्म १८८९चा, सीकर संस्थानातल्या काशी का बास या लहानशा गावचा. वर्ध्याचे कापूस व्यापारी शेठ बच्छराज यांनी त्यांना नातू म्हणून दत्तक घेतलं. मारवाडी पेढीत पाहुणचार हा धंद्याचाच एक भाग असतो. आडत्या आला, दलाल आला, परगावचा सोयरा आला, तर त्याची गादी-तक्क्यापासून परतीच्या शिदोरीपर्यंत व्यवस्था लावणं हे घरच्या मुलाला हिशेबाच्या वहीबरोबरच शिकवलं जातं. त्यात हा तरुण ऑनररी मॅजिस्ट्रेट झाला, रायबहादूर झाला, तेव्हा सरकारी अंमलदारांची ऊठबसही आलीच. बडेजावाशी मात्र त्याचं लहानपणापासून जमलं नव्हतं. सतरा वर्षांचा असताना एका लग्नाला जाताना आजोबांनी अंगावर दागिने घालायला सांगितले, याने नकार दिला. आजोबा पैशाच्या उपकारावरून बोलले, तेव्हा या मुलाने तुमच्या संपत्तीवर माझा हक्क नाही अशी चिठ्ठी लिहून घर सोडलं होतं. त्याला समजावून परत आणावं लागलं.

काँग्रेसच्या पाहुणचाराची सूत्रं त्यांच्या हाती पहिल्यांदा आली ती डिसेंबर १९२०मध्ये. नागपूरचं अधिवेशन, चौदा हजारांहून अधिक प्रतिनिधी, आणि स्वागताध्यक्ष जमनालाल बजाज, वय एकतीस. 'स्वागताध्यक्ष' हे पद आज साहित्य संमेलनामुळे आपल्या ओळखीचं आहे. काँग्रेसमध्ये त्याचा अर्थ जास्त कष्टाचा होता. ज्या गावी अधिवेशन त्या गावाने वर्गणी जमवायची, मांडव घालायचा, तंबू उभारायचे, पाणी, दिवाबत्ती, स्वयंपाक, शौचकूप, सगळं बघायचं आणि मग पहिल्या दिवशी व्यासपीठावर उभं राहून उणं-अधिक पोटात घाला म्हणायचं.

यातला शौचकूप हा शब्द मी मुद्दाम लिहिला. गांधीजी १९०१मध्ये कलकत्त्याच्या अधिवेशनाला गेले होते, दक्षिण आफ्रिकेतून आलेले एक अनोळखी वकील म्हणून. तिथलं जे वर्णन त्यांनी आत्मकथेत केलं आहे, ते एका वैतागलेल्या पाहुण्याचं आहे. तमिळ प्रतिनिधींचं स्वयंपाकघर दूर, तट्ट्यांनी बंदिस्त केलेलं, कारण कोणाची दृष्टीही अन्नावर पडता कामा नये. रांधणं, जेवणं, हात धुणं सगळं त्याच कोंडवाड्यात. संडास तुंबलेले आणि स्वयंसेवक म्हणतात, ते काम भंग्याचं. गांधीजींनी केरसुणी मागून घेतली आणि आपल्यापुरता संडास साफ केला. पुढे सेवाग्रामात पाहुण्याच्या हाती झाडू देणारे गांधी या कलकत्त्याच्या आठ दिवसांत घडले, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. नागपूरला त्यांनी जमनालालजींची सोयपाणी पाहिली. त्याच सुमारास जमनालालजींनी त्यांच्याकडे एक विचित्र मागणं केलं: मला तुमचा पाचवा मुलगा माना. गांधीजींनी ते मान्य केलं. पाठोपाठ १९२१मध्ये रायबहादूरकी सरकारला परत गेली आणि वर्ध्याला आश्रम चालवायला विनोबा आले.

एवढ्यावर थांबले असते तर ते आणखी एक देणगीदार शेठजी ठरले असते. पण त्यांनी पंगतीचा प्रश्नच उकरून काढला. १९२६मध्ये मोठ्या मुलीचं, कमलाचं लग्न साबरमतीच्या आश्रमात, ना वरात ना जेवणावळी. मारवाडी समाजात ज्या घराकडून आठ दिवस पंगती उठण्याची अपेक्षा, त्या घरचं हे लग्न. १९२८च्या जुलैत बच्छराजांनी बांधलेलं वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी दलितांसाठी खुलं केलं, तेव्हा समाजातून जो गदारोळ उठला त्यात पंक्तिव्यवहाराचा मुद्दाही असणारच. देवाचं एकवेळ चालेल, ताटाचं चालणार नाही, ही आपली जुनी खोड.

बजाजवाडी हे या सगळ्याचं केंद्र. शेठजींचं अतिथिगृह, पण त्याला धर्मशाळेचं दार होतं. कार्यकारिणीची बैठक लागली की तारा यायच्या आणि स्टेशनावर टांगे उभे राहायचे. इथे येणाऱ्यांची यादी नुसती वाचली तरी यजमानाची तारांबळ लक्षात येते. राजेंद्रबाबूंना दमा. बिहारची दमट हवा सोसवेना की त्यांचा मुक्काम वर्ध्याच्या कोरड्या हवेत आठवडेच्या आठवडे असे. मौलाना आझादांचं चहावर किती प्रेम होतं हे त्यांच्याच लेखणीतून आपल्याला ठाऊक आहे. सरोजिनीबाई चांगल्या जेवणाच्या भोक्त्या आणि गांधीजींच्या पालापाचोळ्याची टिंगल करण्यात पटाईत. जवाहरलालांना वेळेचा भंग खपत नसे. गांधीजींच्या आश्रमात यांतल्या कोणालाही हवं ते मिळालं नसतं. बजाजवाडीत यजमान पाहुण्याच्या तब्येतीने चालायचा. पाच मैलांवरच्या सेवाग्रामात पाहुण्याला यजमानाच्या तब्येतीने चालावं लागे. देशाचं राजकारण सहा वर्षं या दोन घरांच्या मधल्या कच्च्या रस्त्यावरून येरझाऱ्या घालत होतं.

आणि या घराचा भार नुसत्या शेठजींच्या तिजोरीवर नव्हता. जमनालालजींच्या पत्नी जानकीदेवींनी पडदा सोडला, दागिने उतरवले, खादी नेसल्या, हे सगळं चरित्रांत येतं. त्यांनी 'मेरी जीवन यात्रा' हे आत्मचरित्रही लिहिलं. पण गाडी उशिरा आली म्हणून रात्री पुन्हा चूल पेटवणारे, वाळ्याच्या तट्ट्यांवर भर दुपारी पाणी मारणारे, आंघोळीची घंगाळी भरणारे, त्यांची नावं कुठल्याही ठरावाखाली नाहीत. वैशाख-ज्येष्ठात वर्ध्यात पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो. पाहुण्याला घोटभर थंड पाणी देण्यामागेही कोणाची तरी पहाटेची मेहनत असते.

लांबून आलेल्या पाहुण्यांतले एक होते खान अब्दुल गफ्फार खान. १९३४च्या ऑगस्टात तुरुंगातून सुटले, तेव्हा सरहद्द प्रांत आणि पंजाब दोन्हींत त्यांना पाऊल ठेवायला सरकारने बंदी घातलेली. घर असून बेघर झालेला हा सहा फुटी पठाण वर्ध्याला बजाजांकडे येऊन राहिला. तीर्थयात्रेला आलेला पाहुणा आणि आश्रयाला आलेला पाहुणा यात फरक असतो. पहिल्याची सरबराई केली की झालं, दुसऱ्यासाठी सरकारची नाराजी पदरात घ्यावी लागते. मुंबईत केलेल्या एका भाषणावरून ७ डिसेंबर १९३४ला पोलिसांनी त्यांना वर्ध्यातूनच अटक करून नेलं. आठवडाभरातच, १४ डिसेंबरला, अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, आणि त्यासाठी जमनालालजींनी आपली बाग आणि त्यातलं घर देऊन टाकलं. गांधीजींनी तिला आपल्या दिवंगत पुतण्याच्या नावावरून मगनवाडी म्हटलं आणि स्वतः तिथे राहायला गेले.

मगनवाडीत यजमानपद गांधीजींकडे आलं आणि वर्ध्याच्या पाहुणचाराची चवच बदलली. शब्दशः. घाणीचं तेल, हातसडीचा तांदूळ, जात्याचं पीठ, गूळ, सोयाबीन, चिंच, कच्चा पाला, असे त्यांचे प्रयोग १९३५भर चालू होते आणि ताटावर बसलेला प्रत्येक जण त्या प्रयोगातला उंदीर होता. ऑगस्ट १९३५मध्ये अमेरिकेहून परमहंस योगानंद आले. स्टेशनावर गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई हातसुताचे हार घेऊन हजर. गांधीजींचा मौनाचा सोमवार, त्यामुळे स्वागताचे दोन शब्दही कागदावर लिहून. जेवायला चपात्या, उकडलेल्या भाज्या, लिंबाचा मुरांबा. आणि गांधीजींच्या ताटात कडुनिंबाच्या पाल्याचा वाटलेला गोळा. त्यांनी चमच्याने त्यातला चांगला मोठा वाटा काढून पाहुण्याच्या ताटात वाढला. योगानंदांनी तो पाण्याबरोबर गिळला, गांधीजी मात्र चवीने, थोडा थोडा खात होते. रात्री झोपण्यापूर्वी यजमानाने पाहुण्याच्या हाती सिट्रोनेलाच्या तेलाची बाटली ठेवली आणि वर्ध्याच्या डासांवर आपल्या शिकवणुकीचा काही उपयोग झालेला नाही, अशी कोटी केली. मला या प्रसंगात गांधीजी फार नीट दिसतात. स्वतःला जे उत्तम वाटतं ते पाहुण्याला आग्रहाने वाढणारा, अगदी टिपिकल यजमान. आपल्याकडे हा आग्रह श्रीखंडाचा असतो, एवढाच फरक.

त्याच वर्षी डिसेंबरात संततिनियमनाच्या प्रचारक मार्गारेट सँगर आल्या. मतं एकशेऐंशी अंशांनी उलटी. गांधीजींनी संयमाचा पुरस्कार केला, बाईंनी साधनांचा, दोघंही जागचे हलले नाहीत. पण दोन दिवस त्या इथे राहिल्या आणि वाद अगदी सविस्तर झाला. ज्याच्याशी पटत नाही त्याला घरी ठेवून घेऊन भांडण्याची ही पद्धत त्या काळच्या वर्ध्यात रोजची होती.

३० एप्रिल १९३६ला गांधीजी सेगावला राहायला गेले. सेगावची मालगुजारी बहुतांशी जमनालालजींचीच, तरीही आधी गावकऱ्यांची सभा घेऊन गांधीजींनी सांगितलं होतं की मी अस्पृश्यता पाळत नाही, तुमच्यावर जबरदस्ती करणार नाही, पण माझं वागणं असंच राहील. म्हणजे या गावात आपण आगंतुक पाहुणे आहोत याची त्यांना जाणीव होती. आणि गंमत म्हणजे नव्या बिऱ्हाडी त्यांच्याकडे पहिल्याच एक-दोन दिवसांत आलेले बडे पाहुणे कोण, तर डॉ. आंबेडकर, बरोबर वालचंद हिराचंद. येवल्याच्या घोषणेला जेमतेम सहा महिने झालेले, धर्मांतराचा विषय तापलेला. सेगावात तेव्हा धड खोली नव्हती. 'आदी निवास' उभं राहिलं ते नंतर, जूनमध्ये गांधीजी त्यात राहायला गेले. आंबेडकरांना बसवायला सतरंजीपलीकडे फारसं काही असणार नाही. बोलणं झालं, मतभेद होते तिथेच राहिले. ज्या माणसाला या देशाने पाण्याच्या हौदावर अडवलं, त्याच्याशी उघड्या माळावर, ना उंबरठा ना ओसरी, अशा जागी ही भेट व्हावी याचं मला नेहमी अप्रूप वाटतं. तिथे शिवाशिवीला भिंतच नव्हती.

सेगावचं १९४०मध्ये सेवाग्राम झालं. टपाल गजानन महाराजांच्या शेगावला जात होतं, हे त्यामागचं अगदी व्यवहारी कारण. पाहुणे मात्र न चुकता पोचत. महादेवभाई मगनवाडीत राहून रोज पायी सेगावला जात, पायीच परतत, कधी दिवसातून दोन खेपा, भर उन्हात. व्हाइसरॉय लिनलिथगोंच्या सोयीसाठी टेलिफोनची तार आली. जानेवारी १९३८मध्ये लॉर्ड लोथियन आले, इंग्लंडातल्या ब्लिकलिंग हॉलसारख्या वाड्यांचे मालक. त्यांना बजाजवाडीत ठेवावं असं कोणालाही वाटलं असतं, पण ते तीन दिवस मातीच्या भिंतींच्या घरात राहिले. डिसेंबर १९३९मध्ये ब्रिटिश खासदार क्रिप्स येऊन गेले. आणि याच आवारात एक न बोलावलेला पाहुणाही आला: परचुरे शास्त्री. संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगातले जुने सोबती, आता महारोगाने झडलेले. घरच्यांनी टाकलेले, आश्रमाने ठेवून घ्यावं की नाही यावर आश्रमातच कुजबुज. गांधीजींनी त्यांची कुटी आपल्या कुटीजवळ बांधवली आणि स्वतःच्या हाताने त्यांना मालिश करू लागले. लॉर्डसाहेबांना वेगळं काही नाही, आणि शास्त्रीबुवांनाही वेगळं काही नाही, असा हा कारभार.

सेवाग्रामी पाहुणचाराचं सगळ्यात खमंग वर्णन लुई फिशर या अमेरिकन पत्रकाराने केलं आहे. जून १९४२चा पहिला आठवडा, मृग तोंडावर, पण आभाळात ढगाचा ठिपका नाही. फिशर वर्ध्याला उतरले आणि दुसऱ्या दिवशी टांग्यात गांधीजींच्या दाताच्या डॉक्टरांशेजारी बसून सेवाग्रामला पोचले. जेवण सकाळी अकराला आणि सूर्यास्ताच्या सुमारास. ताटात पालक आणि भोपळ्याचा गरगट, तोच दुसऱ्या दिवशी, तोच तिसऱ्या. फिशरनी हात आखडता घेतल्यावर गांधीजींनी भरपूर मीठ-लिंबू घालायचा सल्ला दिला. त्यावर चवीचीही हिंसा करायला सांगता काय, या धर्तीचा विनोद करून पाहुण्याने परतफेड केली. उन्हाचा उपाय मात्र त्यांनी स्वतःच काढला. पत्र्याच्या टबात पाणी भरलं, त्यात एक लाकडी खोकं ठेवून त्यावर टॉवेलची घडी, टबाबाहेर दुसरं खोकं, त्यावर टाइपरायटर. टबात बसून हा गृहस्थ गांधीजींच्या मुलाखती टंकत होता आणि घाम फुटला की तांब्या भरून अंगावर ओतत होता. 'गांधींबरोबर एक आठवडा' हे पुस्तक अशा रीतीने पाण्यात बसून तयार झालं. त्या आठवड्यात गांधीजींनी येत्या लढ्याबद्दल त्यांना जे सांगितलं, ते जगभर वाचलं गेलं. ऊन-पालक सोसून राहिलेल्या पाहुण्याला यजमानाने बातमी दिली, असा हा सौदा.

पण फिशर आले तेव्हा वर्ध्याचा खरा यजमान गेलेला होता. १९४१मध्ये जमनालालजींनी व्यापार, राजकारण दोन्हींतून अंग काढून गोसेवेला वाहून घेतलं. ३० सप्टेंबरला गोसेवा संघ सुरू झाला आणि बजाजवाडीचे धनी गोपुरीच्या एका झोपडीत राहायला गेले. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी पलंग मांडणाऱ्या माणसाने शेवटी स्वतःसाठी काय निवडलं, हे बघण्यासारखं आहे. जानेवारी १९४२मध्ये काँग्रेस महासमितीचा मोठा पाहुणचार झाला. महिना उलटायच्या आत, ११ फेब्रुवारीला, मेंदूतल्या रक्तस्रावाने ते अचानक गेले. वय बावन्न. चीनचे चँग काय-शेक तेव्हा हिंदुस्थानात आलेले होते. त्यांची नि गांधीजींची भेट वर्ध्याला न होता १८ फेब्रुवारीला कलकत्त्यात झाली, कारण चँगनी आश्रमात जाऊन गांधीजींना भेटावं हे सरकारला नको होतं. त्याच आठवड्यात गांधीजींनी जमनालालजींच्या मित्रांना वर्ध्याला बोलावलं: तेराव्याच्या जेवणाला नव्हे, त्यांची कामं वाटून घ्यायला. गोसेवेचं काम जानकीदेवींनी उचललं.

जुलैची कार्यकारिणी ठरल्याप्रमाणे वर्ध्यातच भरली. ६ ते १४ जुलै, बाहेर पाऊस, आत नऊ दिवस घासाघीस. आझाद आणि जवाहरलाल साशंक, वल्लभभाई गांधीजींच्या बाजूने. इतकी वर्षं ज्याने या मंडळींची गादी, टांगा, पथ्यपाणी बघितलं तो नसताना घरच्यांनी व्यवस्था पार पाडली, हे त्या घराच्या शिस्तीचं श्रेय. ९ ऑगस्टला सगळेच पाहुणे सरकारच्या ताब्यात गेले आणि बजाजवाडीच्या खोल्यांना पहिल्यांदाच कुलपं लागली असावीत. १५ ऑगस्टला आगाखान पॅलेसच्या कैदेत महादेवभाई वारले.

गांधीजी १९४४मध्ये सेवाग्रामला परतले आणि २५ ऑगस्ट १९४६ला दिल्लीला म्हणून जे निघाले ते पुन्हा आले नाहीत. फेब्रुवारी १९४८मध्ये रचनात्मक कार्यकर्त्यांचं संमेलन सेवाग्रामला भरायचं होतं, त्याला ते येणार होते. ते भरलं मार्चमध्ये, त्यांच्या मागे. पंतप्रधान नेहरू आले, मौलाना आले, राजेंद्रबाबू आले, पवनारहून विनोबा आले. जे कालपरवापर्यंत टांग्याने येत ते आता सरकार होते, आणि सहा आठवड्यांपूर्वीच एक खून पचवलेल्या सरकारने आश्रमाभोवती पोलिसांचा कडेकोट बंदोबस्त ठेवला होता. ज्या आवाराला कधी फाटक नव्हतं तिथे कोणाला आत सोडायचं हे शिपाई ठरवत होते. जुन्या आश्रमवासीयांना हे फार लागलं आणि त्यांनी ते सभेतच बोलून दाखवलं. आश्रमाचं जेवण मात्र त्या दिवसांतही नेहमीसारखंच होतं, आणि मंत्र्यांनीही पंगतीतच बसून घेतलं.